गळतीचं काम माझ्याकडे

२ जून
बायको घरी आली. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, तिच्याबरोबर आतड्याचा मोठा तुकडाही. आता काही महिने पोटावर केलेल्या तोंडातून शी बाहेर येणार आणि तिथे चिकटवलेल्या पिशवीत जमणार. सगळं ठीक राहिलं तर डॉक्टर पुढे आतडं पुन्हा जोडतील. त्यांनी कागदावर चित्र काढलं तेव्हा मेहुणीला घेरी आली. मला लगेच कळलं. मेन लाइन बंद, तात्पुरती बायपास. उभा जन्म प्लंबिंगमध्ये गेला माझा.

संकल्प: पिशवी मीच बदलणार. सिस्टर शिकवत होत्या तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. बघायची गरज वाटली नाही. मेहुणी मदतीला राहणार म्हणते. राहू दे, स्वयंपाक तरी होईल.

४ जून, सकाळ
पहिली पिशवी बसवली. मागे चिकट चकती असते, तिला पोटावरच्या तोंडाच्या मापाचं भोक कापायचं. मी ऐसपैस कापलं. भिंतीतून पाइप नेताना थोडी जागा सोडावीच लागते, हे कुठलाही फिटर सांगेल. बायको म्हणाली, सिस्टर वेगळं सांगत होत्या. मी विचारलं, सिस्टरनी किती पाइप टाकलेत? तिने गाऊन खाली ओढला. पटलं असावं.

५ जून
गळती. चादर, गाऊन, गादी, सगळं. माल हलका आहे. हल्ली कंपन्या कशातही पैसे मारतात. पिशवीचा पट्टा एक घर आवळला.

पुन्हा गळती. वरून आमची वॉटरप्रूफ टेप लावली. टेप घामाने सुटली. बायकोचं म्हणणं, पट्टा टाक्यांना काचतो. सैल केला. मग काय, जे व्हायचं तेच. जो तो मलाच बोलतो.

७ जून
कातडी लाल झाली आहे. आग होते म्हणते. मलम लावलं, तर चकती चिकटेना. असलं तेलकट मलम देतातच कशाला?

बायको जेवत नाही. खाल्लं नाही तर बाहेर काही येणार नाही, असा तिचा हिशेब. मी म्हटलं बरोबर आहे, दुरुस्ती चालू असताना सप्लाय बंदच ठेवतात. मेहुणी माझ्यावर कडाडली. पोट फाडलेल्या बाईला उपाशी ठेवता का, म्हणाली. मग शेजारी बसून तिला दोन-दोन चमचे भरवत राहिली. मी बाहेर जाऊन उगाच वॉल्व्ह साफ केले. सगळे चांगले होते.

८ जून
सिस्टरकडे दाखवायला नेलं. त्यांनी चकती काढली, कातडी पाहिली आणि विचारलं, भोक कुणी कापलं? मी पंख्याकडे पाहिलं. आजूबाजूची कातडी उघडी राहिली, तिच्यावर सगळं साचून ती सोलवटली, असं त्या म्हणाल्या. भोक अगदी मापात हवं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मेहुणी पुटपुटली. एवढ्यात बायको म्हणाली, "मीच कापलं. घाईत मोठं झालं."

सुटलो असं वाटलं. मग दिवसभर चिडचिड. नळ दुरुस्त करायला गेलो तिथल्या गिऱ्हाइकावर ओरडलो. तिच्या अंगावर सोललेली कातडी आणि वर खोटंही तिनेच बोलायचं. मला स्वतःचा राग आला. भोक मात्र अजूनही फार मोठं नव्हतं असं माझं मत आहे.

११ जून
गळती नाही! कालही नव्हती. भोक किंचित लहान केलं, पण पद्धत माझीच. शेवटी अनुभवाला पर्याय नाही. कातडीही निवळते आहे. बायको दोन घास जास्त जेवते. पिशव्या विकणाऱ्या दुकानदाराला सगळं समजावून सांगितलं. त्याला घाई होती.

पिशव्यांचं खोकं मात्र भराभर संपतंय. कमी भरून देतात. उद्या त्याच दुकानदाराला झापणार.

१३ जून, दुपार
पाना घरी विसरलो म्हणून परत आलो. बाथरूमचं दार अर्धं उघडं. बायको आरशासमोर उभी. सकाळी मी बसवलेली पिशवी सोलून काढलेली, आणि ती छोट्या कात्रीने नवी चकती कापत होती. अगदी मापात. मेहुणी कापूस घेऊन शेजारी.

सिस्टरकडून आल्यापासून हेच चालू आहे. मी बसवायची, मी कामावर गेलो की काढायची.

मी विचारलं, मग मला करू का देतेस? ती म्हणाली, "हातात काही काम नसलं की तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसता. मी मेल्यासारखे. ते मला बघवत नाही."

पाना घेतला. कामावर गेलो. चुकीचा पाना होता.

१४ जून
खालची कड तिला दिसत नाही. आरसा धरायचं काम मला दिलं.

आज पहिल्यांदा पोटावरचं ते तोंड नीट पाहिलं. लालभडक, ओलं, आपलं आपण हलणारं. इतके दिवस मी डोळे अर्धे मिटून माप घेत होतो. भीती वाटायची. तिच्यावाचून राहायची भीती वाटते, ती तर कशानेच आवळता येत नाही.

ती म्हणाली, आरसा हलतोय. मी म्हटलं, मूठ ढिली झालीय, उद्या घट्ट करतो.

"ह्या आरशाला मूठ नाहीये," ती म्हणाली. "जरा खाली धरा."