नवशिका विद्यार्थी पाहिजे

चिरंजीव भाऊस,

थोरल्या बहिणीचे पोतंभर आशीर्वाद. आम्ही इथे सगळे धडधाकट आहोत. तूही असशीलच, कारण काही दुखलं-खुपलं असतं तर एव्हाना चारदा फोन करून कण्हला असतास. गुडघा काय म्हणतो? कानातलं यंत्र घालतोस की अजून डबीत घालून डबीच कपाटात ठेवतोस? भावजयीला सांग, शाल पोचली. रंग माझ्या आवडीचा नाही, पण ऊब आहे, आणि या वयात उबेला रंग विचारू नये. (नात म्हणते, आजी, हे नको लिहायला. लिही गं, भावजय माझी आहे, तुझी नाही.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतोस आणि मागे टीव्ही ऐकत असतोस. पत्र निदान भावजय तुला मोठ्याने वाचून दाखवील, आणि तिच्यासमोर तुझी उठून जायची टाप नाही.

तर आमच्याकडे सध्या अर्ज चालू आहेत. नातीला पुढचं शिकायचंय. गाणं ती शिकली, पदवीही भिंतीवर लागली. आता म्हणे गाणं शिकवायचं कसं ते शिकायचंय. मी म्हटलं, अगं, आंघोळ येत असली की पोराला आंघोळ घालता येतेच की. तर नाही म्हणाली, त्याला वेगळं विद्यापीठ लागतं. असेल बाई. गेल्या वर्षी तिने असेच तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि तिन्हीकडून गोड शब्दांत नकार आला. एकाने तर कारणही कळवलं, की तुम्ही गाता-वाजवता छान, पण शिकवताना कुठे दिसला नाहीत. दिसणार कशी? वाद्यांच्या दुकानात उभी असते दिवसभर. गिऱ्हाईक येतं, ही अर्धा तास पेटी वाजवून दाखवते, गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकतं आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जातं. दुकानदाराने शिफारसपत्र दिलंय, त्यात लिहिलंय की हिच्या हातून आजवर एकही वाद्य फुटलेलं नाही. आता तूच सांग, हे नातीचं कौतुक झालं की हमालाचं? यंदाही नकार आला तर मी दुकानातच कायमची राहणार, असं ती जेवताना म्हणाली, आणि पोळी अर्धी टाकून उठली. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, ते तुला ठाऊक आहे. तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण साधं नाही.

यंदा तिन्ही विद्यापीठांनी एक नवीन अट घातली. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला शिकवतानाची फिल्म पाठवा. फोनवर काढलेली चालेल, पण मध्ये कात्री लावायची नाही. चुकलात तर चुकल्यासकट. मुदत रविवारपर्यंत. नातीने एक छोटं गाणं स्वतः रचलं. एक मांजर पाच पायऱ्या चढतं आणि पाच उतरतं, एका पायरीला एक सूर. बस, एवढंच. विद्यार्थी कोण? खालच्या मजल्यावरची पोरं तिच्याकडून आधीच सगळं शिकून बसलीत. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. अक्षरओळख नाही, सूरओळख नाही, आणि पळून जायला पाय नाहीत. याहून चांगला नवशिका कुठे मिळणार?

आता माझं चुकलं ते इथे. नातीची शोभा होऊ नये म्हणून मी ते गाणं आधीच शिकून घेतलं. ती दुकानात गेली की मी न्हाणीघरात बादलीसमोर बसून मांजर चढवायची आणि उतरवायची. सून बाहेरून विचारायची, आई, पडलात का? पण मी हटले नाही. शेवटी सुनेने फोन धरला, नात समोर बसली, तिने एकदा गाऊन दाखवलं आणि मी पहिल्याच फटक्यात अचूक गाऊन मोकळी. नात माझ्याकडे बघतच राहिली. ‘वा, आजी,’ म्हणाली, आणि गप्प. शिकवायला शिल्लकच काही नाही म्हटल्यावर बिचारी बोलणार काय! म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकायचं ठरवलं. तिसऱ्या पायरीवर मांजराला असं काही घसरवलं की बहिऱ्यालाही कळावं. तरी ही म्हणते, ‘छान, आजी.’ मी लेकाला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीचा कान एकदा तपासून घे, शिकवायला निघालीये आणि चूक ऐकू येत नाही. (इथे ती लिहायची थांबली आहे. लिही, लिही. मोठ्यांची टीका लिहून ठेवावी, पुढे उपयोगी पडते.)

मग लेक पुढे झाला. तुझा भाचा गाडी शिकवतो, विसरला नाहीस ना? बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांवर पाय ठेवून बसलेला माणूस तो. त्याला शिष्य म्हणून खुर्चीत बसवलं, पण त्याचा उजवा पाय काही शिष्य व्हायला तयार होईना. नात जरा भरभर सांगायला लागली की हा जमिनीवर ब्रेक दाबायचा. गाणं सुरू करण्याआधी मागे वळून बघायचा. तिने दुसरा सूर सांगितला तर हा म्हणतो, आधी पहिल्यावर नीट थांबायला शिकव, घाई कसली आहे, मागून कोण हॉर्न देतंय? सगळ्या फिल्मभर तोच तिला शिकवतोय. ती पाठवली असती तर त्या विद्यापीठाने त्यालाच प्रवेश दिला असता. नात रडली नाही, पण फोन टेबलावर पालथा घालून खोलीत गेली, आणि आमचा गाडीवाला जोडे घालून उगाचच बाहेर फिरून आला.

असा सगळा इकडचा गोंधळ. तुला कळवावंसं वाटलं, दुसरं काही नाही. प्रकृतीला जप, रात्री दही खाऊ नकोस, आणि भावजयीचं ऐकत जा. ऐकू येत नसेल तर मान तरी हलवत जा.

तुझी ताई
(हस्ते नात, जी नाक फुगवून लिहिते आहे)

ता. क. दुसरं काही नाही असं वर म्हटलंय खरं, पण थोडं आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. तुझ्याइतका बेसूर माणूस आपल्या सात पिढ्यांत झाला नाही, हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगितलंय. वर्गात प्रार्थनेला गुरुजी तुला नुसते ओठ हलवायला सांगायचे. असं रत्न घरात असताना आम्ही बाहेर नवशिके शोधतोय. तालीम करून येऊ नकोस, गाडीत गुणगुणू नकोस. जसा आहेस तसा ये. यंत्र घालून ये.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी सगळं वाचून दाखव म्हटलं. नात वाचत गेली आणि ‘अचूक’ या शब्दाशी अडकली. मी म्हटलं, पुढे. तर तिने कागद खाली ठेवला.

‘आजी, तू अचूक गायली नव्हतीस. दोन्ही दिवशी तिसरी पायरी चुकलीस. सारखीच चुकलीस.’

भाऊ, न्हाणीघरात एवढे दिवस घालवलेल्या बाईला हे ऐकायला कसं वाटलं असेल, याचा विचार कर. मी विचारलं, मग वा कशाला म्हणालीस? म्हणाली, तू इतकी खूश दिसत होतीस.

मी म्हटलं, ‘वर्गातली पोरंही खूशच दिसतील गं. त्या सगळ्यांना वा म्हणून घरी पाठवणार आहेस?’

 ती उठली, फोन बापाच्या हातात दिला (फिल्म काढ, पण पाय आवर, असं बजावून) आणि मला धरून बाहेर इमारतीच्या जिन्यावर घेऊन गेली. एका पायरीला एक सूर. तिसरीवर उभी केली आणि तिथून हलू देईना. मी म्हटलं, आला सूर. ती म्हणे, नाही, पुन्हा. मी म्हटलं, आता तरी? नाही, पुन्हा. आवाज गोड, पण दगडासारखा. वरचे दातांचे डॉक्टर बॅग घेऊन उतरत होते, त्यांनाही मागे थांबवलं. ते बिचारे कठड्याला टेकून ऐकत उभे राहिले. मग तिने माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला, सूर धरला आणि म्हणाली, कानाने नको, हाताने ऐक. एकदा लागला, भाऊ. एकदाच, पण लागला. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले, तर ती त्यांना म्हणाली, थांबा, अजून दोन पायऱ्या आहेत.

ती फिल्म रात्री तिन्ही ठिकाणी गेली, घसरलेल्या मांजरासकट. तिथे काय ठरतं ते ठरो. ही गेली तर माझी पत्रं कोण लिहील, हा प्रश्न मी घरात काढलेला नाही, तूही काढू नकोस. आता फिल्म गेली, तेव्हा शनिवारी येऊ नकोस. पत्र तरी कशाला पाठवतेस, असं नात विचारते. एवढं लिहून घेतलंय, कागद वाया घालवायची आपल्यात पद्धत नाही.

आज सकाळी पुन्हा गाऊन दाखवलं. नात चहा गाळत होती. मागे न वळताच म्हणाली, ‘नाही, आजी. पुन्हा.’