अकरा मिनिटं वीस सेकंदांचा बेंजो

गेवराई,
सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

श्री. रेवणसिद्धप्पा यांना,

गेवराईहून राजेश्वरचा शरणार्थ आणि तुमच्या बसम्माक्काचा आशीर्वाद. (ती आत शेंगा फोडत बसली आहे, पण आशीर्वाद तिथूनच मोठ्यानं दिला आहे, तो मी जसाच्या तसा पाठवतो.) तुमचं पित्त आता काय म्हणतं? कंपनीच्या कॅन्टीनमधलं खाणं सोडा असं मी दिवाळीतच सांगितलं होतं. पण जो माणूस अमेरिकेत दीड महिना नुसत्या पावावर राहून आला, त्याला गेवराईचा घड्याळजी काय सांगणार. सौ. ईश्वरी आणि मुलं मजेत असतील. इकडे आम्ही ठीक. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं ते थांबलं. दुकान चालू आहे, म्हणजे रोज उघडतं. लोक आता सेलवरची घड्याळं घेतात आणि बंद पडली की पोरांना खेळायला देतात, त्यामुळे माझ्याकडे येतात ती फक्त चावीची घड्याळं आणि चावीच्या काळातली माणसं. फोन करणार होतो, पण एसटीडी बूथमध्ये तो लाल आकडा पळायला लागला की माझं बोलणं अडखळतं. म्हणून हे पत्र. बैठक मारून वाचा.

तर विषय तुमच्या भाचीच्या, प्रणिताच्या लग्नाचा आहे, आणि त्यात जे काही झालं त्याचं मूळ तुम्ही आहात. रागावून म्हणत नाही, नोंद म्हणून म्हणतो. मांजरसुंब्याच्या धोंडीरामनं आपल्या वरातीच्या बेंजो पार्टीत नवा कीबोर्ड आणला आणि जुना बेंजो विकायला काढला, तो मी पोरीसाठी घेतला, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. दोन फुटांची लाकडी पेटी, वर तारा, डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. पोरगी आरत्या वाजवायची, भजनं वाजवायची, शेजारपाजार माना डोलवायचा. मग तुम्ही अमेरिकेहून ती कॅसेट आणलीत. वर एक गोरा माणूस मांडीवर गोल, चाळणीला दांडा लावल्यासारखं काहीतरी घेऊन हसत बसलेला. तुम्ही म्हणालात, हा त्यांच्याकडचा बेंजो आणि हे जॅझ. आपल्या पेटीचा आणि त्या चाळणीचा नावापलीकडे काही संबंध नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं, पण प्रणिताला ऐकू आलं ते वेगळंच. तिनं ती कॅसेट वर्षभर इतकी वाजवली की फीत दोनदा तुटली. दोन्ही वेळा मीच चिकटवली (म्हणजे माझाही हात आहेच). आणि त्या चाळणीतलं सगळं तिनं आपल्या पेटीवर उतरवलं. आधी सरळ चाल वाजते. मग ती चाल सोडून बोटं अशी काही सुटतात की नजर ठरत नाही, आणि कुठल्या कुठं फिरून शेवटी परत चालीवर येतात. घड्याळ लावून सांगतो, अकरा मिनिटं वीस सेकंद.

आता यावर लोकांची मतं. मी ती एकेकाला विचारून गोळा केली आहेत, कारण सर्वांचं मत घेतल्याशिवाय मी काही ठरवत नाही, हे तुम्ही जाणताच. धोंडीरामला मुद्दाम बोलावून ऐकवलं. तो डोळे मिटून बसला, शेवटी म्हणाला, "हात लई तयार हाय पोरीचा. पण ह्याच्यावर वरात पुढं सरकायची न्हाई." शेजारच्या साखराबाईचं म्हणणं निराळंच आहे. तिला ते आवडत नाही, पण ऐकल्याशिवाय राहवतही नाही. पोरगी चाल सोडून गेली की ती परत येईपर्यंत साखराबाईच्या जिवाला घोर लागतो आणि तव्यावरची भाकरी करपते. (दोन भाकऱ्यांचा ठपका माझ्यावर ठेवला आहे.) मठातले स्वामी म्हणाले, यात भक्ती दिसत नाही पण तपश्चर्या दिसते. समोरचा बद्रीनाथ शिंपी ते ऐकत मशीन चालवतो आणि शिलाई वाकडी गेली तरी वाद घालत नाही. आणि तुमची अक्का म्हणते, पत्र्यावर कुणीतरी मूठमूठ हरभरे टाकतंय असं वाटतं. मला स्वतःला ते फार आवडतं. कुठं मान हलवायची हे मला आता अगदी पाठ आहे.

मागच्या नोव्हेंबरात परळीची मंडळी प्रणिताला बघायला आली. पोहे झाले, काय काय येतं हे विचारून झालं, तिनं बेंजो काढला. तिसऱ्या मिनिटाला मुलाच्या चुलत्यानं विचारलं, पेटी येत नाही का, हार्मोनियम? पाचव्या मिनिटाला मुलाच्या आईनं हसत हसत सांगितलं की आमच्याकडे माळा मोठा आहे, हे सगळं तिथं राहील. प्रणिता थांबली. मंडळी गेल्यावर तिनं बेंजो पुसला, फडक्यात गुंडाळला आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवून दिला. रेवणसिद्धप्पा, मला ते फार लागलं. पोरीनं आपल्या हातानं आपली वस्तू माळ्याच्या वाटेला लावावी आणि बापानं खाली उभं राहून स्टूल धरावं, हे मला पटलं नाही. मी तेव्हाच ठरवलं. बेंजो तिच्याबरोबर सासरी जाईल आणि तिथं वाजेल. जे घर शेवटपर्यंत ऐकू शकत नाही, त्या घरात माझी मुलगी जाणार नाही. तुमच्या अक्कानं खूप समजावलं, की पोरगी बाविशीची झाली, असल्या अटी घालून कुणी यायचं नाही. मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी बेंजो कपाटावरून खाली काढला आणि नियम केला: बघायला येणाऱ्यांनी पोहे आधी संपवायचे, वाजवणं सुरू झालं की कुणी उठायचं नाही, कुणी आत यायचं नाही, आणि मी घड्याळ हातात घेऊन पाहुण्यांसमोर बसणार.

जानेवारीत शिरूर कासारची मंडळी आली. मुलगा अमरनाथ, तिथल्या शाळेत मास्तर. (दिवाळीनंतर अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो, उरलेल्या अर्ध्याला तो शिकवतो. हे त्याच्या आईनं सांगितलं, तो स्वतः फार बोलला नाही.) जीप त्यांच्याच घरची, चुलते चालवत आले होते. चुलत्यांनी पोहे खाल्ले आणि मला असलं काही समजत नाही म्हणून बाहेर जीपमध्ये जाऊन बसले. मी नियम सांगितला. प्रणिता नेहमीसारखी रस्त्याकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली, बटणांवर उजेड पडतो म्हणून. मी खिडकीला पाठ करून पाहुण्यांकडे बघत होतो. आणि चार मिनिटं दहा सेकंदांनी, अगदी चाल सोडून ती रंगात आली त्याच वेळी, मुलगा उठला. माझ्याकडे बघितलं देखील नाही. सरळ चपला घालून बाहेर. वाजवणं पूर्ण झालं, वर आणखी दोन मिनिटं गेली, तेव्हा हा दारात येऊन उभा. मी त्याच्या आईदेखत म्हणालो, "ज्याला अकरा मिनिटं बसवत नाही, तो जन्मभर काय बसणार? या आता." तो काही बोलायला गेला, मग रस्त्यावरच्या जीपकडे बघून गप्प झाला. मला शरणार्थ म्हणून गेला. त्याच्या आईनं चहा अर्धाच ठेवला. तुमची अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण मी हललो नाही. नियम म्हणजे नियम.

आणि आता आनंदाची बातमी, ज्यासाठी हे पत्र. काल अंबाजोगाईची मंडळी येऊन गेली. खतं-बियाण्यांचं मोठं दुकान, मुलगा एकुलता एक. रेवणसिद्धप्पा, सगळेच्या सगळे अकरा मिनिटं वीस सेकंद बसले. कुणी खोकलंसुद्धा नाही. मुलगा तर माझ्याकडे बघून सात वेळा "वा" म्हणाला, तेही नेमक्या जागी, जिथं मी मान हलवतो तिथंच. जाताना मुलाच्या वडिलांनी पसंती कळवली आणि मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. शिवरात्र झाली की रविवारी, पंचवीस तारखेला, साखरपुडा. सगळी गेवराई मला वेड्यात काढत होती, पण बाप ठाम राहिला की काय होतं ते आता बघतील. तुम्ही मुलीचे मामा, तुमच्याशिवाय पान हलायचं नाही. चोवीसलाच या. येताना ईश्वरीवहिनींना आणि मुलांना आणा, आणि पित्ताच्या गोळ्या विसरू नका, कारण त्या दिवशी जेवणात भरपूर ठेचा आहे.

लहानांना गोड पापा, थोरांना आमचा शरणार्थ, आणि तुम्हाला दोन्हींतलं जे चालेल ते.

आपला,
राजेश्वर

ता. क. (मंगळवार) : पत्र पाकिटात घालण्याआधी मामाला दोन ओळी लिही म्हणून प्रणिताला दिलं. तिनं सगळं वाचलं, ओळी काही लिहिल्या नाहीत, आणि आईकडे बघितलं. मग तुमची अक्का उठली आणि डब्यातून कापसाचे दोन बोळे काढून माझ्यापुढं ठेवले. रविवारी अंबाजोगाईचा मुलगा ज्या लोडाला टेकून बसला होता त्याच्या मागं सापडले. तिनं मला सांगितलं नव्हतं, मला झालेला आनंद बघून सांगवलं नाही म्हणे. आपल्या नियमाची बातमी मध्यस्थानं त्यांना आधीच दिली असणार. मी म्हणालो, पण सात वेळा वा कसं काय म्हणाला? तर प्रणिता म्हणाली, "तुमी मान हलवली की त्यो वा म्हणायचा, अप्पा. अन् तुमी मान चुकीच्या जागी हलवता." हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अंबाजोगाईला नकार कळवला आहे. पंचवीस तारखेचा कार्यक्रम रद्द समजावा.

ता. क. दुसरा (बुधवार) : अजून एक सांगायचं राहिलं, ते काल मी मुद्दाम गाळलं. त्या दिवशी शिरूरचा मुलगा का उठला हे प्रणितानं खिडकीतून पाहिलं होतं. बाहेर चुलत्यांनी जीपमध्ये टेप मोठ्यानं लावला होता. (मी तो ऐकला नाही, माझं लक्ष घड्याळात होतं.) अमरनाथनं जाऊन टेप बंद करवला. चुलते चिडले, चल निघू म्हणाले, तर त्यांच्याच शेजारी जीपला टेकून उभा राहिला. आपला नियम, कुणी आत यायचं नाही. म्हणून आत आला नाही. खिडकीबाहेर उन्हात उभा राहून त्यानं उरलेली सात मिनिटं ऐकलं. आणि घरच्या वडीलधाऱ्याची लाज परक्या ओट्यावर काढायची नाही म्हणून माझं बोलणं गिळून गेला. मी प्रणिताला म्हणालो, महिना झाला, हे तू मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमी धोंडीरामला विचारलं, साखरामावशीला विचारलं, स्वामींना विचारलं. मला कावून न्हाई विचारलं?"



तर खरी विनंती ही आहे. तुम्ही पंचवीसच्या रविवारी याच, पण साखरपुड्याला नव्हे. तुम्ही आणि मी मिळून शिरूर कासारला जाऊ. त्यांच्या घरी मध्यस्थ पाठवायचं तोंड मला राहिलेलं नाही आणि एकट्यानं जायची छाती नाही. बोलायचं ते मीच बोलीन, माफी मीच मागीन, त्याच्या आईसमोर आणि चुलत्यांसमोरसुद्धा, टेपचा शब्दही काढणार नाही. ते नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. तुम्ही फक्त शेजारी बसा आणि मी चिडायला लागलो तर गुडघा दाबा.

ता. क. तिसरा (शनिवार, शिवरात्र) : शिरूरला जाऊ का, हे प्रणिताला विचारून मगच पत्र टाकतो आहे, म्हणून उशीर झाला. विचारायला मला तीन दिवस लागले. ती लगेच हो म्हणाली.