गडव्याचा कौल

सर, गेल्या महिन्यात माझ्या दुकानात एक गोष्ट घडली. ती सांगावी असं जिवंत माणूस सापडेना, म्हणून तुम्हाला लिहितोय. हे पाठवायला पत्ता नाही, ते ठाऊक आहे. तुम्ही असता तर आधी चष्मा पुसला असता आणि मग प्रश्नावर प्रश्न विचारले असते. मला तेच हवं होतं.

आठवीचा वर्ग आठवतो. आमच्या गावात देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तुम्ही टेबलावर पितळी गडवा उपडा ठेवता, त्याला पाकळ्या लावता आणि म्हणता, "बघा, पाणी सुकलं की पडते. कधी ही, कधी ती. यात देव कुठे आला?" मीच मागून बोलतो, "पर सर, गडव्याला कुनी काय इचारलंच न्हाई की!" सगळे खिदळतात. तुम्ही डस्टर आपटता, "फाजीलपणा पुरे!" आणि मग थांबता. "मुद्दा मात्र बरोबर आहे. ये पुढे. विचार काय विचारायचंय ते."

मी विचारलं, "माजी आय बरी व्हईल का?"

ती अंथरुणाला खिळलेली, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. कुणी हसलं नाही. उजवी पाकळी पडली. तुम्ही बोलायला तोंड उघडलंत आणि मिटलंत. मी पळत घरी जाऊन आईला सांगितलं. भातं काढायच्या आत ती गेली. दिवसकार्याला तुम्ही आलात, ओट्यावर माझ्याशेजारी बसलात. "पाकळीला काही कळत नाही, हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही." तेव्हापासून मी देवळाची पायरी चढलो नाही. तुमच्यावर राग मात्र धरता आला नाही.

पुढे घोटावड्याच्या रस्त्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकलं, ते चाललंही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीला आणि मूठ कानाला लावली, की कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मला तर काय ऐकू येत न्हाई अण्णा, उगं खर्चात पाडताय." मग मी खोलतो, खड्डे पडलेल्या गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवतो. पटतं.

बायको जाऊन वर्ष होत आलं. मुलगा जांब्याला राहतो, हिंजवडीत कामाला. त्या दुपारी मी एकटाच होतो आणि वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला, पंखा थांबला, आणि माझ्या मागे कुणीतरी होतं. आवाज नव्हे सर, आवाज असता तर मी ओळखला असता. बायकोही नव्हे, तिचा वावर मला पाठमोरा कळायचा. जे होतं त्याला मी सगळा ठाऊक होतो, आणि तरी ते माझ्यावर रुसलेलं नव्हतं. वीज येईपर्यंत मी वळलो नाही. देव याखेरीज दुसरा शब्द सापडत नाही, आणि या शब्दाची तर मला सवय नाही.

तुम्ही विचाराल, किती वेळ? जेवला होतास का? पुन्हा झालं? दहा मिनिटं असतील. जेवलो होतो. पुढे दोनदा मेन स्विच पाडून मुद्दाम बसलो, काही नाही. एकट्या माणसाचं मन असले खेळ करतं, हेही मला पटतं. पण बेअरिंग खोलून दाखवता येतं सर, हे काय खोलून दाखवू? आणि दाखवता येत नाही म्हणून नव्हतंच म्हणावं, तर मन तयार होत नाही.

मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो." चहाच्या टपरीवर बोलून गेलो, तर संध्याकाळी देवळाची मंडळी हार घेऊन दारात. "अण्णा, देव पावला तुमास्नी! हितंच चौथरा बांदू!" नेमकं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही.

मी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणालो, "कसला द्येव रं, वडापाव बाधला व्हता. ग्यास!" मंडळी पोट धरून हसली, मीही हसलो. एवढ्या दिवसांत माझ्याकडे कुणीतरी आलं होतं सर, आणि चारचौघांत मी त्याला ग्यास म्हणालो.