दांडी कापलेला पंखा

आप्पा, तुम्ही काहीही म्हणा, पण पंख्याची दांडी कापायला नको होती. मी तवाही बोललो होतो, तर तुम्ही म्हणालात, "सातवीतनं पळालेल्यानं मला शिकवू नगं." बरं, नाही शिकवत. पण तुम्ही गेल्यापासनं नऊ वर्षं झाली, त्यातली आठ मी पंख्यांतच काढलीत. इथं जामनगरला कंपनीच्या कॉलनीत तीनशेच्या वर खोल्या आहेत, आणि कुठल्या खोलीतला पंखा कसा कण्हतो ते मी जिन्यातनं ऐकून सांगतो. म्हणून आता बोलतो, आन् तुम्ही मधे बोलू शकत नाही म्हणून सगळं बोलतो.

तो दिवस मला लख्ख आठवतो. कुरकुंभची आपली खोली, वर पत्रा, एका बाजूला उंच आणि दाराकडं इतका उतरता की तुम्ही टाचा उचलल्या तर हात टेकायचा. दौंडहून पंखा आणलात, खोकं सायकलला बांधून, तान्ह्या पोरासारखं जपून. वायरमन म्हणाला, उंच बाजूला टांगू. तुम्ही म्हणालात, दारातनं आल्या आल्या वारं लागलं पाहिजे. टांगला दाराजवळ. दुसऱ्या दिवशी फस्ट शिफ्टला निघताना तुम्ही नेहमीसारखे दारापाशी उभे राहून पटका बांधताय. कंपनीच्या गेटवर तो काढून हेल्मेट घालावं लागायचं, तरी घरातनं निघायचं ते पटका बांधूनच, मेंढरांमागं फिरणाऱ्या आज्यापासनं चालत आलेलं. हात वर गेले, पटक्याचा शेव उडाला, पात्यात अडकला, आणि बघता बघता सगळा पटका वर जाऊन गरगरा फिरायला लागला. तुम्ही उघड्या डोक्यानं खाली उभे. आई तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळली. दारातनं शेजारचे मामा ओरडले, "आप्पा, नवरदेव त्यो हाय व्हय? मग वरातीला सांगा की!"

तुम्ही हसला असतात तर तिथंच मिटलं असतं. पण संध्याकाळी तुम्ही आक्सा ब्लेड घेऊन बसलात, दांडी कापून वीतभर ठेवली, कंपनीतल्या फिटरकडनं भोक पाडून आणलं आणि पंखा पत्र्याला चिकटवून टाकला. मी म्हटलं, "आप्पा, पटका भाईर वट्यावर बांधा की." तुम्ही म्हणालात, "मी काय चोर हाय, भाईर उभा ऱ्हाऊन डोकं झाकायला?" त्या दिवसापासनं पंख्यानं आवाज तेवढा दिला. वारा नाहीच. पात्यांच्या वर हवा ओढायला जागा लागते, हातभर तरी. जागाच नाही म्हटल्यावर तो तापलेल्या पत्र्याखालची तीच तीच धग ढवळत बसायचा, आणि आपण खाली भाकरीसारखे.

वर तुमचा कायदा, पंखा एकवर ठेवायचा, बिल येतं. तो काळा डबडा रेग्युलेटर मी हात लावून बघितला तर चहाच्या कपासारखा गरम. तुम्हाला म्हटलं, तर म्हणालात, "तापनारच. काम करतोय त्यो. तुझ्यावानी बसून खात न्हाई." आप्पा, तो बसूनच खात होता. त्या जुन्या डबड्यात पंखा हळू फिरला तरी मीटर तेवढं हळू फिरत नाही, बरीचशी वीज डबड्यातच तापून जाते. आता छोटा इलेक्ट्रॉनिक येतो, तो तापत नाही. हे मला इथल्या बिहारी उस्तादानं शिकवलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "पंखा कमरे को नहीं, आदमी को ठंडा करता है." म्हंजे माणूस बाहेर गेला की पंखा बंद, आणि माणूस आत असला की कंजुषी नाही. तुम्ही नेमकं उलटं करायचात. रिकाम्या खोलीत चालू ठेवायचात, खोली गार व्हावी म्हणून.

पण भांडण तुमच्याशी असतं तर मी ते आता सोडून दिलं असतं. आई त्याच खोलीत आहे. पटका बांधणारं आता तिथं कुणी नाही, तरी पंखा पत्र्याला चिकटलेलाच, आणि एकवरच. गेल्या चैत्रात भर दुपारी तिला चक्कर आली, चुलीपाशी पडली. शेजारच्या मामांनी फोन करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उष्म्यानं झालंय, पुन्हा झालं तर अवघड. मी दौंडच्या माझ्या दोस्ताला नवी दांडी घेऊन पाठवला. आईनं त्याला चहा पाजला आणि परत धाडला. "त्येंनी कापल्याली हाय, ऱ्हाऊ दे." मी फोनवर चिडलो, बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "मंग तुझा बाप खुळा व्हता का?" व्हय म्हणू?

तीनदा भांडलो. तिन्हीदा हरलो. इथं मोठे साहेब माझं ऐकतात, आणि एक बाई ऐकत नाही. मग परवाच्या रविवारी मी बूथवरनं फोन केला आणि म्हटलं, "आई, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आप्पाच मला म्हनले व्हते, दांडी लांब कर, पंखा उंच बाजूला खाटंच्या वर टांग. माझ्या ध्यानातनंच गेलं." ती बारीक आवाजात म्हणाली, "आजून काय म्हनले व्हते?"

आप्पा, तुम्ही मला त्या आठवड्यात फक्त पाणी मागितलं होतं. मी म्हटलं, "दुपारच्याला पंखा फुल्ल ठिवायचा म्हनले. भाईर गेली की बंद कर म्हनले." आई म्हणाली, "बरं." एवढंच. जे मला आठ वर्षांच्या हुनरानं जमलं नाही ते तुमच्या नावानं एका दमात झालं. पैसे कुठले, विचारलं तिनं. कंपनीत तुमचे थोडे अडकले होते ते सुटले, असं सांगितलं.

हे पत्र मी टाकणार नाही. कुरकुंभला गेलं तर मामांचा नातू तिला वाचून दाखवील आणि ती पुन्हा पंखा एकवर आणील. खोटं बोललो, तुमच्या तोंडचं बोललो, आणि खरं सांगायचं तर बोलताना बरं वाटलं, तुमचा आवाज माझ्या तोंडात चांगला बसला. नवा पंखा, लांब दांडी, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दोस्ताची मजुरी, सगळं धरून उद्या मनीऑर्डर करतोय. खाली दोन शब्दांची जागा असते तिथं "आप्पांकडून" असं लिहिलंय. रुपये चौदाशे.