शुक्रवारी पाण्यात उतरायचं नाही

२३ मार्च, रविवार

ठरलं! कोआतेपेकेच्या तळ्यावर जायचं. आज इदालियाचा ह्यूस्टनहून फोन आला. तिकडे राहायचे कागद हातात पडले म्हणाली, आता येता येईल आणि परत जाताही येईल. इस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात येणार. माझी लेक! गेली तेव्हा तिची नोएमी अंगावर पीत होती. आता त्याच नोएमीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती मला हिशेब शिकवते.

तळं ही माझीच कल्पना. घरी नको म्हटलं. घरी नोएमी माझ्या ॲप्रनमागे लपणार आणि इदालिया पाहुणीसारखी खुर्चीत बसून राहणार. तळ्यावर तसं होत नाही. सगळे ओले, सगळ्यांच्या केसांत वाळू, एकाच भांड्यातलं खायचं. माझं आणि नोएमीच्या आजोबांचं तळ्यावरच जमलं होतं. तेव्हा ते फार बोलायचे नाहीत, नंतरही नाहीत, पण कलिंगड छान कापायचे. असो.

२५ मार्च

आज इदालिया नीट बोलली. इस्टरनंतर नोएमीला बरोबर नेणार. तिचेही कागद झालेत. मला हे ठाऊकच होतं, त्याचसाठी तर ती पोर तिकडे हॉटेलांच्या चादरी धुतेय. मला न्यायचं म्हटलं तर मला कोण कागद देतंय, आणि कोंबड्यांकडे कोण बघणार.

पण मग म्हणाली, "आई, ती रडत असली तर मी नाही नेणार. ओढून नाही नेणार तिला. एकटीच परत जाईन."

म्हटलं, "काहीतरीच काय, हसत येईल."

"तुला काय माहीत?"

मला काय माहीत, खरंच. नोएमी मला आई म्हणते आणि हिला फोनमधली आई.

म्हणून तळ्याचं सगळं नीट झालं पाहिजे. पोरीने आईचा हात धरून जावं, मला एवढंच हवंय. मी रडले तर रडले, मला कोण बघतंय.

३० मार्च, रविवार

मिल्तोन माझा मुलगा, पण अक्कल बापाकडूनही नाही आली आणि माझ्याकडूनही नाही. त्याला तळ्याकाठी झावळ्यांची एक खोपी ठरवून ये म्हटलं होतं. ठरवून आला. कधीची? शुक्रवार-शनिवारची! "बाकी सगळं भरलंय आई, हेच उरलं होतं." उरणारच. गुड फ्रायडेला पाण्यात उतरलं की माणसाचा मासा होतो, मग कोण घेणार?

तो हसला. "शुक्रवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकाचा तरी मासा झाला का?"

म्हटलं, "गेल्या वर्षी तू तळून खाल्लास तो आधी कोण होता, तुला काय ठाऊक?"



शेजारची कांदिदा आली. तिचं वेगळंच. "तेंचाबाई, मासा व्हायचं तर हो, पण आपल्या गल्लीत रंगीत लाकडी भुशाचा गालिचा कोण घालणार? मिरवणूक काय उघड्या डांबरावरून न्यायची?" भुसा मी आधी रंगवून देईन म्हटलं. जांभळा आणि हिरवा. पिवळा तिने स्वतः करावा, माझा पिवळा दर वर्षी मोहरीसारखा होतो.

नोएमी आंबा खात सगळं ऐकत होती. मग विचारायला लागली. पूर्ण मासा होतो? पूर्ण. परत माणूस होत नाही? नाही. मग राहायचं कुठे? तळ्यातच, कुठे जाणार. "आणि कोणी लांब नेलं तर?" म्हटलं, मासा पाण्याबाहेर काढला की मरतो गं, त्याला कोण नेतंय. बरं म्हणाली आणि कोंबड्यांना आंब्याची सालं टाकायला गेली.

देवाच्या गोष्टीत मन लागतं पोरीचं, बरं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

न्यायचं ते ठरवतेय. शिळा अंड्याचा पाव तळून गुळाच्या पाकात सोडायचा, इदालियाला तो जीव की प्राण. पाकात दालचिनी. सुका मासा अंड्यात घोळून. कच्चे आंबे, मीठ, लिंबू. मक्याच्या भाकऱ्या तिथेच थापीन, चूल आहे म्हणे. मोठा हंडा मिल्तोन नको म्हणतो. मिल्तोनला नेऊ नये, हंडा न्यावा असं माझं मत आहे.

इदालियाने पोहण्याचे कपडे पाठवलेत. निळे, खवल्यांचे. नोएमीच्या मांडीवरच अडकले. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "फोनमधल्या आईला मी बाळ वाटते." मी दोन्ही बाजू उसवून माझ्या जुन्या ॲप्रनचं कापड घातलंय. इदालियाला सांगायचं नाही, वाईट वाटेल.

आज नोएमीने मासा खाल्ला नाही. आधी कुणाचा तरी भाऊ असेल म्हणाली. मिल्तोनने तिचाही खाल्ला.

१० एप्रिल

नोएमीने विचारलं, शुक्रवारी पाय तरी बुडवू का? नाही म्हटलं. "हं" म्हणाली. हा हं मला आवडला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आली! इदालिया आली! बारीक झालीय, केस कापलेत, पण चाल तीच, एक खांदा खाली.

विमानतळावर तिने हात पसरले. नोएमीने हात पुढे केला, बँकेतल्या साहेबासारखा. "कशा आहात तुम्ही?" आपल्या आईला तुम्ही! मग तिला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "तुम्ही फोनमध्ये उंच दिसता."

इदालिया हसली. "हो ना, फोनमध्ये मी नेहमी बसलेली असते, त्यामुळे."

ह्यात काही अर्थ नव्हता, पण नोएमीने त्यावर बराच विचार केला. नंतर इदालिया हात धुवायला म्हणून गेली आणि नळ पुष्कळ वेळ चालू राहिला.

१७ एप्रिल

भुसा दिला, पाव पाकात मुरला, हंडा गाडीत चढला. मी जिंकले. दोघी अजून तुम्ही-तुम्हीच.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे



मिल्तोनच्या पिकअपच्या मागे बसून आलो. तळं निळंशार, आणि माणसं! रेडिओ, टायरवर तरंगणारी पोरं, एक बाई तर केसांना शॅम्पू लावत होती, आजच्या दिवशी. आम्ही सावलीत बसलो. मी भाकऱ्या थापत होते. वळून पाहते तर नोएमी नाही.

लाकडी धक्क्याच्या टोकाशी पायरीवर उभी होती, पाणी कमरेपर्यंत. फ्रॉकच्या आत निळे कपडे घालूनच आली होती. मी पीठ लागलेल्या हातांनी धावले. बाहेर ये म्हटलं. येईना.

"मी मासा होणार. मग मला विमानातून नेता येणार नाही. तू रोज यायचं आणि मला भाकरी टाकायची."

मी काय बोलणार? ते खोटं आहे म्हणू? मला ते खोटं वाटत नाही. आणि पोर माझ्यासाठी अंगावर खवले घ्यायला तयार. 

मागून इदालिया आली. लहानपणी ही ह्या दिवशी पायसुद्धा धुवायची नाही. बूट काढले आणि जीन्स-बिन्ससकट उतरली.

"सरक जरा. मला जागा दे."

"तुम्ही नका येऊ. तुम्हीपण व्हाल."

"होऊ दे. तू इथे राहणार, मग मी तिकडे काय करू? चादरी धुऊ?"

"मासे चादरी धूत नाहीत."

"तेच तर म्हणतेय मी."

नोएमीने माझ्याकडे पाहिलं. "मग आई एकटी राहील."

"ती येईल ना. दोघींना भाकऱ्या टाकेल. तुला मोठी टाकेल, तुलाच जास्त जीव लावते."

मग दोघी पायरीवर बसून वाट पाहत राहिल्या. मी काठावर टॉवेल धरून. म्हटलं, देवा, तुझा दिवस आहे, पण आज जरा नजर तिकडे मिरवणुकीकडे ठेव, गालिचा बघ, जांभळा छान झालाय.

नोएमीने बोटं वर काढली. सुरकुतली होती. "सुरू झालं," म्हणाली, हळूच. इदालियाने आपली दाखवली. "माझंही." दोघी एकमेकींची बोटं धरून बघत बसल्या. ओठ निळे पडले तरी उठेनात.

मिल्तोन वरून ओरडला, "झालात का? मी तेल तापत ठेवलंय."

नोएमी हसली. इतकी हसली की तोंडात पाणी गेलं, आणि इदालियाने पाठ थोपटली.

शेवटी भुकेने बाहेर आल्या. पाकातला पाव खाल्ला, दोघींनी एका वाटीत. इदालिया म्हणाली, "तुला नसेल यायचं तर मी नाही नेणार. शप्पथ."  नोएमी वाटी चाटत होती.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी नोएमीच्या तळपायात काटा गेला. लंगडत आली. मी चुलीपाशी होते, हात पुसून पुढे केले. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि पाय इदालियाच्या मांडीवर ठेवला. इदालियाला काटा काढता येत नाही, नखांनी ओढत बसली. सुई माझ्या ॲप्रनला टोचलेली होती. ती तिथेच राहू दिली.