विकत घेतलेला सिनेमा

आई, दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून तुला लिहायला बसले आहे. शिवऱ्यात रस्त्याच्या कडेला माझं शिलाईचं दुकान आहे, ते तू पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझी लेक नुकती रांगायला लागली होती. आता ती कापूरहोळला औषधांच्या दुकानात कामाला जाते. मागच्या वर्षी तिनं टीव्हीला जोडायची एक छोटी काळी डबी आणली. नेटवरून पाहिजे तो सिनेमा तिच्यातून टीव्हीवर दिसतो. "मम्मी, तुला कुठला लावू?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडातून तुझ्याच सिनेमाचं नाव निघालं.

तुझाच म्हणजे, मी चौथीत असताना आंबवड्याला शूटिंग झालं होतं तो. गर्दीत उभ्या करायला गावातल्या बायका पाहिजेत म्हणून टोपी घातलेला एक माणूस घरोघर फिरला होता. तू खुरपणीला सुट्टी देऊन गेलीस, मलाही बरोबर नेलंस. सगळ्या बायकांतून त्या टोपीवाल्यानं तुलाच पुढे काढलं आणि बोलायला एक वाक्य दिलं. तू डोक्यावर हंडा घेऊन पुलाकडून येतेस, हिरो विचारतो की इकडं कुणी आलं का, आणि तू म्हणायचं, "न्हाई बा, हितं कोन बी आलं न्हाई." तू ते पहिल्यांदा म्हणालीस आणि मला खदाखदा हसू फुटलं. सगळं थांबलं. टोपीवाला ओरडला. घरी येताना वाटेत तू माझा दंड धरलास. "समदी मानसं तितं कामाला आली व्हती. माज्या कामाला हसायचं न्हाई." दंडावर तुझी बोटं उमटली होती. पुढं सिनेमा भोरला लागला तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या. तू माझ्यापाशी बसून राहिलीस, आणि तो सिनेमा आपण दोघींनीही कधी पाहिलाच नाही.

लेकीनं नाव टाकलं तर तो निघाला. खाली दोन चौकोन होते, एकात लिहिलं होतं भाड्यानं घ्या, दुसऱ्यात विकत घ्या. "भाड्यानं घेऊ, एकदाच तर बघायचाय," ती म्हणाली. एकदा सुरू केला की दोन दिवसांत तो आपोआप बंद होतो, हे तिनं सांगितलं तेव्हा मी कान दिला नाही. पुलावरून तू येतेस. जांभळं लुगडं, कपाळावर घाम, हंडा एका हातानं धरलेला, आणि तुझं ते वाक्य. चार सेकंद असतील. तुझा हलताचालता असा तेवढाच तुकडा या जगात आहे, आई. बाकी तुझा एक फोटो आहे, तोही लग्नाच्या घोळक्यातला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. मी ते चार सेकंद परत परत लावायला लावले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं आली, दोन तास उरले. मग एक तास. हातातली भाजी तशीच टाकून मी टीव्हीसमोर बसले. लेक घरी आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा चौकोन दाबला. "घे, आता तो आपलाच झाला. कधीही बघ." त्या दिवशी मी जेवण झाल्यावर शांत झोपले.

पितरांच्या पंधरवड्यात दादा वेल्ह्याहून आला. तुझं पान वाढून झालं आणि मी म्हणाले, "बस, आईला दाखवते." त्यानंही तो सिनेमा कधी पाहिला नव्हता. मी बटण दाबलं तर सिनेमाचं चित्र राखाडी पडलेलं, आणि खाली ओळ होती, हा चित्रपट सध्या उपलब्ध नाही. लेकीनं सिनेमा विकणाऱ्या कंपनीला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "ताई, ज्यांचा सिनेमा आहे त्यांनी तो काढून घेतलाय. तुम्ही फक्त बघायची परवानगी घेतली होती."

"अहो, पण आम्ही विकत घेतलाय ना!"

"हो ताई, विकतच घेतलाय," ती म्हणाली.

त्यानंतर अकरा दिवस मी रोज चूल पेटवायच्या आधी टीव्ही लावायचे. चित्र राखाडीच असायचं. ब्लाऊज कापताना दोनदा कात्री चुकली. तू एकदा गेलीस तेव्हा मी रडले होते, भ्याले नव्हते. या खेपेला भीतीच वाटत होती, आणि ती कुणाला सांगितली तर लोक हसले असते.

बाराव्या दिवशी चित्राला रंग आला. का गेला होता, का आला, कुणी कळवलं नाही. लेकीनं तिथल्या तिथं मोबाईल धरून टीव्हीवरचे ते चार सेकंद उतरवून घेतले. तिच्या मोबाईलमध्ये, माझ्या मोबाईलमध्ये, आणि दादाला पाठवले. थोड्या वेळानं दादाचा फोन आला. तो रडत होता. मग म्हणाला, "पर बोलतीय ती आई न्हाई. आईचा आवाज घोगरा व्हता. ही दुसरीच कोन बाई हाय."

"व्हय, सिनेमात आवाज मागनं दुसऱ्यांचा भरत्यात," मी पटकन म्हणाले, जसं काही मला पहिल्यापासून ठाऊकच होतं.

मला ठाऊक नव्हतं, आई. पहिल्या दिवसापासून मी तो आवाज तुझाच समजले. दादानं सांगितल्यापासून रोज तुझा घोगरा आवाज आठवायला बसते, आणि येत नाही. हे कागद मी मशीनच्या खणात ठेवीन, दादाला दाखवणार नाही. कारण तू परसातून मला हाक मारायचीस ना, ती आता मला त्याच बाईच्या आवाजात ऐकू येते, आणि मी तिला ओ देते.