सुतकातली फोडणी

हट्टा,
अश्विन वद्य पंचमी, शके १८६६

चि. व्यंकटरावास,

गंगूताईचा आशीर्वाद. तू वकील, लढाईच्या कमिटीतला माणूस. तुला आता आशीर्वादाची गरज नसेल, पण धाकट्या भावाला लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला.

इकडे ठीक. हळदीला मातीची भर लावून झाली. ह्यांचा खोकला तसाच. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. सूनबाई प्रेमा बळेबळे दोन घास खाते.

पुढं लिहिणारच नव्हते. पण तुझा निरोप आला, "ताईनं राग धरू नये, उद्धवचं नाव तालुक्यात झालं." मग राहवलं नाही.

तार इंग्रजीत होती, तूच वाचून दाखवलीस. माझा उद्धव इटलीत लढाईत पडला. मी हंबरडा फोडायच्या आत तू दार लावून घेतलंस.

"ताई, रडू नको. चार दिवसांनी वसमतला भरतीची सभा हाय. गावात रडारड झाली तर एक पोरगं नाव देणार न्हाई. सभा होऊ दे, मग सुतक धर. प्रेमालाबी सांगू नको."

ह्यांनी मान डोलावली. तुझ्यापुढं ते कधी बोललेत?

सुतकाच्या घरात फोडणी देत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक. कुणाला संशय नको म्हणून तूच बजावलंस, आणि मी वरणाला लसणाची फोडणी देत राहिले. पोटचं पोर गेलेलं, आणि मी मोहरी तडतडवत होते! प्रेमा ठसठशीत कुंकू लावून शेजारी बसायची. "आत्याबाई, तुमी काहून जेवून न्हाई राहिल्या?" मी म्हणायची, पित्त झालंय.

आणि सभेत तूच सांगितलंस! पोरं नाव देईनात, लोक उठायला लागले, तेव्हा म्हणालास, "मी माझा सख्खा भाचा दिला." शेजारचा दगडोबा तिथून आला तो प्रेमाला विहिरीवर म्हणाला, "धन्य हाय बाई तुझी, वकीलसाहेबांनी भर सभेत उद्धवचं नाव घेतलं." तिला वाटलं, नवऱ्याला बढती मिळाली. हसत हसत मला सांगायला आली.

तू दिलास? देणारा तू कोण? तुझा रामकिशन हैदराबादेत शिकतो, तो का नाही दिलास? ती लढाई कुणाची, कशासाठी, हे तुला तरी धड सांगता येईल का? पोरं मेलेली तुला चालतात रे, त्यांच्या आया तेवढ्या ऐकू यायला नकोत.

त्याचा देह काही आला नाही, म्हणून परवा पळसाच्या पानांचा देह करून ह्यांनी त्याला अग्नी दिला. मी मोकळ्यानं रडले. गाव गोळा झालं. तुझ्याकडे नाव दिलेल्या दोन पोरांना त्यांच्या आया तिथूनच घरी घेऊन गेल्या.

यंदा आमच्याकडे सण नाही. पण पुढच्या वर्षीही भाऊबीजेला येऊ नकोस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मीही तेच करीन.

उद्धवची आई